सर्व्हरच्या दारावर कोणाला सोडायचं? लिनक्सवर लॉगिनचे नियम लावताना

महाप्याच्या एमआयडीसीत आमचं स्ट्रक्चरल डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. माणसं २२, आणि सगळ्यांची जड गणितं ज्यावर चालतात तो लिनक्स सर्व्हर एकच. त्याची देखभाल माझ्याकडे आली ती मला येत होती म्हणून नव्हे, आधीचा मुलगा नोकरी बदलून पुण्याला गेला म्हणून. ताबा घेतल्यावर सहज मोजलं, तर सर्व्हरवर खाती ३१. वरच्या नऊ जणांचा हिशेब लावायला मला दोन दिवस लागले. चौघं नोकरी सोडून गेलेले, तिघं जुने ट्रेनी, एक खातं कधीतरी ऑडिटवाल्यांसाठी काढलेलं, आणि एक ‘टेस्ट’ नावाचं. त्याचा पासवर्डही टेस्टच.

असाच सर्व्हर अचानक गळ्यात पडलेल्यांसाठी हे लिहितोय. तुम्हाला टर्मिनल उघडता येतं, सुडो लावून कमांड देता येते आणि नॅनोत फाइल बदलून सेव्ह करता येते, एवढं धरून चालतो. उदाहरणं उबुंटूची आहेत. रेड हॅटच्या कुळात जिथे फरक पडतो तिथे सांगेन. कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, पण टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळं छोट्या अक्षरांत.

आधी कागद

कीबोर्डला हात लावण्यापूर्वी एक कागद घ्या आणि तीन रकाने पाडा: कोण, कुठून, कधी. मग उठून प्रत्येकाच्या टेबलापाशी जा. हे काम बसल्या जागी होत नाही. मला वाटत होतं की आमच्या अकाउंट्सच्या मॅडम सर्व्हरवर येतच नाहीत. विचारल्यावर कळलं की महिनाअखेरीला त्या खारघरच्या घरून व्हीपीएन लावून, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरून, रिपोर्ट काढतात. रात्री दोन वाजता बॅकअपचं मशीन स्वतःच्या खात्यानं आत येतं, हे तर कुणाच्या लक्षातही नव्हतं. न विचारता नियम लावले असते तर बॅकअप बंद पडला असता, आणि ते कळलं असतं ज्या दिवशी बॅकअपची गरज पडली असती त्या दिवशी.

खात्यांची यादी ‘गेटेंट पासडब्ल्यूडी’ या कमांडनं मिळते. तिसऱ्या रकान्यातला आकडा १००० किंवा त्याच्या पुढचा असेल तर ते बहुधा माणसाचं खातं. त्याखालची सिस्टिमची, त्यांना हात लावू नका. ६५५३४ आकड्याचं ‘नोबडी’ दिसेल, तेही सिस्टिमचंच. कोण शेवटचं कधी आलं होतं ते ‘लास्ट’ कमांड दाखवते.

कागद भरला की माणसांची नावं बाजूला ठेवा आणि गट पाडा. आमचे चार झाले: अ‍ॅडमिन्स, डिझाइन, अकाउंट्स, ट्रेनी. नियमात एकेकट्याचं नाव लिहायचं नाही, असं मी ठरवून टाकलं आहे. नवा ट्रेनी आला की त्याला गटात टाकायचं, गेला की काढायचं. नियमांची फाइल तशीच राहते. बॅकअपचं खातं तेवढं अपवाद, कारण ते माणूसच नाही.

गट बनवायला ‘सुडो ग्रुपअ‍ॅड डिझाइन’. माणूस गटात टाकायला ‘सुडो यूजरमॉड -एजी डिझाइन’ आणि पुढे त्याचं लॉगिन नाव. या ‘एजी’तला ए छोटा आणि जी मोठा. तो छोटा ए विसरलात तर लिनक्स त्या माणसाला बाकीच्या सगळ्या जोड-गटांतून काढून फक्त डिझाइनमध्ये ठेवतो, आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. स्वतःच्या खात्यावर ही चूक केलीत तर सुडोच्या गटातूनच बाहेर पडाल. म्हणून प्रत्येक वेळी नंतर ‘आयडी’ कमांड देऊन गट बघून घ्यायचे.

पासवर्ड बरोबर, तरी आत नाही

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीत जा. आधार कार्ड खरं आहे म्हणून वॉचमन वर सोडत नाही. तो इंटरकॉमवरून फ्लॅटमध्ये विचारतो, रजिस्टरमध्ये लिहून घेतो, मग लिफ्ट दाखवतो. ओळख पटणं वेगळं आणि परवानगी असणं वेगळं.

लिनक्समध्ये हे काम ‘पाम’ करतो. १९९५ साली सन कंपनीतल्या लोकांनी मांडलेली ही कल्पना: प्रत्येक प्रोग्रॅमनं आपापली पासवर्ड तपासणी लिहीत बसण्यापेक्षा तपासणीचे सुटे तुकडे असावेत आणि अ‍ॅडमिननं ते हवे तसे जोडावेत. पाम चार टप्प्यांत काम करतो. ‘ऑथ’ म्हणजे तू तोच का. ‘अकाउंट’ म्हणजे तुला आत्ता इथे यायला मुभा आहे का. ‘पासवर्ड’ म्हणजे पासवर्ड बदलणं. आणि ‘सेशन’ म्हणजे आत आल्यावरची मांडामांड.

आपलं सगळं काम दुसऱ्या टप्प्यात, अकाउंटमध्ये. याचं एक कारण नीट समजून घ्या. एसएसएच म्हणजे दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय. तिथे पासवर्डऐवजी एसएसएच की, म्हणजे आपल्या मशीनवर ठेवलेली किल्लीची फाइल, वापरून कुणी आलं, तर ती की एसएसएच स्वतःच तपासतो. पामचा ऑथ टप्पा वाटेत येतच नाही. अकाउंट टप्पा मात्र दोघांनाही लागतो. म्हणून नियम तिथे लावला की पासवर्डवाला आणि कीवाला दोघंही एकाच चाळणीतून जातात. यासाठी एसएसएचच्या सेटिंगमध्ये ‘यूजपाम’ला ‘यस’ असावं लागतं. उबुंटूत ते आधीपासून असतं.

नियमांची फाइल

फाइल आहे /ईटीसी/सिक्युरिटी/अ‍ॅक्सेस.कॉन्फ. हात लावण्याआधी तिची एक प्रत रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, घरात (होम फोल्डरात) ठेवा. उघडलीत तर आत पानभर मजकूर दिसेल, पण प्रत्येक ओळीआधी हॅशची खूण, म्हणजे सगळी नुसती उदाहरणं. ही पद्धत मुळात वीट्स वेनेमा यांची. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर लिहिणारे तेच.

प्रत्येक नियमाचे तीन भाग, मध्ये कोलन. पहिला भाग अधिक किंवा वजा: सोडायचं की अडवायचं. दुसरा, कोणाला. तिसरा, कुठून आल्यास. आमची फाइल साधारण अशी आहे:

+ : रूट : लोकल
+ : (अ‍ॅडमिन्स) : लोकल १९२.१६८.१०.०/२४ १०.८.०.०/२४
+ : (डिझाइन) (अकाउंट्स) : १९२.१६८.१०.०/२४ १०.८.०.०/२४
+ : (ट्रेनी) : १९२.१६८.१०.०/२४
+ : बीकेपी : १९२.१६८.१०.५
- : ऑल : ऑल

१९२.१६८.१० ही आमच्या ऑफिसची वायर आणि वायफाय, १०.८ हे व्हीपीएन, ‘/२४’ म्हणजे पहिले तीन आकडे तेच असलेले सगळे पत्ते, आणि बीकेपी हे बॅकअपचं खातं; तुमचे आकडे वेगळे असतील, ‘आयपी ए’ कमांड देऊन बघा. ‘लोकल’ म्हणजे नेटवर्कवरून नव्हे, सर्व्हरला लावलेल्या कीबोर्डवरून. ‘ऑल’ आणि ‘लोकल’ मोठ्या अक्षरांत लिहितात.

नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिली जुळलेली ओळ लागू होते. त्यापुढचं कुणी बघत नाही. म्हणजे ‘सगळ्यांना अडवा’ ही ओळ चुकून वर गेली तर खालच्या साऱ्या परवानग्या शोभेच्या. उलट ती शेवटची ओळ लिहायलाच विसरलात, तर त्याहून वाईट. एकही ओळ जुळली नाही तर पाम आत सोडतो. पाच नियम लिहून समाधानानं घरी जाल आणि दार सताड उघडं असेल. नवख्यांच्या फाइलींत ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे, कारण तिचा त्रास कुणालाच होत नाही, तक्रारही येत नाही.

गटाचं नाव कंसात लिहिलंय तेही मुद्दाम. कंस नसेल तर पाम ते आधी माणसाचं नाव समजतो आणि जुळलं नाही तर गटाचं. उबुंटूत प्रत्येक खात्याबरोबर त्याच नावाचा एक गटही बनतो, त्यामुळे कशाचा मेळ कशाशी बसला ते कळेनासं होतं. कंस घाला, आणि पुढच्या पायरीत ‘नोडेफग्रुप’ हा शब्द जोडा, म्हणजे कंसातलाच गट मानला जाईल.

‘एक्सेप्ट’ असाही एक शब्द आहे: अमुक सोडून सगळ्यांना अडवा. माणसं तो हौसेनं वापरतात. मी टाळतो. सहा महिन्यांनी ती ओळ वाचताना डोक्यात दोन नकार एकत्र फिरवावे लागतात, आणि ते नेमकं रात्री अकरा वाजता करायची वेळ येते.

तिसऱ्या भागात मशीनचं नाव लिहिण्यापेक्षा पत्ता लिहा. एसएसएच हल्ली समोरच्याचं नाव शोधायला जात नाही, पामकडे नुसता आयपी पत्ता देतो. तिथे नाव लिहिलं तर ते नेटवर्कच्या नावनोंदणीवर अवलंबून राहतं, आणि दाराचा नियम दुसऱ्याच्या वहीवर कशाला टांगायचा?

दार जोडणं

एवढं लिहूनही अजून काहीच बदललेलं नाही. फाइल तयार आहे, पण ती वाच असं कुणी सांगितलेलं नाही. ते सांगायचं /ईटीसी/पाम.डी/एसएसएचडी या फाइलमध्ये. उबुंटूत तिथे ‘अकाउंट रिक्वायर्ड पाम_अ‍ॅक्सेस.एसओ’ ही ओळ आधीच असते, पुढे हॅश लावून झोपवलेली. हॅश काढा, शेवटी एक जागा सोडून ‘नोडेफग्रुप’ लिहा, सेव्ह करा. कीबोर्डवरून येणाऱ्यांनाही हाच नियम लावायचा असेल तर त्याच फोल्डरातल्या ‘लॉगिन’ फाइलमध्ये तेच.

काही जण सुचवतात की ही ओळ ‘कॉमन-अकाउंट’मध्ये टाका, एकदाच लिहिलं की सगळीकडे लागू. करू नका, निदान सुरुवातीला तरी नाही. ती फाइल क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम, तोही वाचतो, आणि मग रात्री आपोआप चालणारी लोकांची कामं तुमच्या शेवटच्या ‘सगळ्यांना अडवा’वर आपटतात. कुठेही आरडाओरडा नाही, सकाळी फक्त रिपोर्ट आलेला नसतो.

रेड हॅटच्या कुळात हा खड्डा आणखी अलीकडे आहे. तिथे क्रॉनच्या पाम फाइलमध्ये पाम_अ‍ॅक्सेस आधीपासून जोडलेलं असतं. म्हणजे एसएसएचला हात लावण्याआधीच, नुसती अ‍ॅक्सेस.कॉन्फ भरल्याबरोबर क्रॉन अडकू शकतो. तिथे शेवटच्या ओळीच्या वर ‘+ : ऑल : क्रॉन क्रॉनडी’ ही ओळ ठेवा. शिवाय तिथल्या लॉगिनच्या मुख्य पाम फाइली हातानं बदलायच्या नसतात. ‘ऑथसिलेक्ट एनेबल-फीचर विथ-पामअ‍ॅक्सेस’ ही कमांड ते काम करते.

दुसरी खिडकी उघडी ठेवा

आता माझी फजिती. पहिल्यांदा हे सगळं केलं तो रविवार होता. म्हटलं, ऑफिसात कुणी नाही, निवांत करू. कळव्याच्या घरून व्हीपीएननं सर्व्हरवर गेलो, नियम लिहिले, दार जोडलं, टर्मिनल बंद केलं आणि खात्री करायला परत लॉगिन केलं. कनेक्शन क्लोज्ड. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी फाइलमध्ये ऑफिसचं नेटवर्क लिहिलं होतं आणि व्हीपीएनचं लिहायचंच राहिलं होतं. स्वतःच्या हातानं कुलूप लावून किल्ली आत.

रूटला परवानगी होती ती फक्त सर्व्हरसमोर बसून. ठाणे-वाशी मार्गावर त्या दिवशी मेगाब्लॉक. मग विटाव्यावरून रिक्षा, पुढे ठाणे-बेलापूर रोडनं बस, पुढे पायी. एमआयडीसीत रविवारी चहाची टपरीही उघडी नसते. वॉचमनकडून चावी घेतली, ‘१०.८.०.०/२४’ एवढं टाइप केलं आणि आलो तसा परत गेलो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. टर्मिनलच्या दोन खिडक्या उघडायच्या, दोन्हीत लॉगिन करायचं, आणि एकीत ‘सुडो -आय’ देऊन रूट होऊन ठेवायचं. ती खिडकी काम संपेपर्यंत बंद करायची नाही. आधीच आत असलेल्याला नवा नियम बाहेर काढत नाही, त्यामुळे काहीही बिघडलं तरी त्या खिडकीतून दुरुस्त करता येतं. तपासणी नेहमी तिसऱ्या, नव्या खिडकीतून. अ‍ॅक्सेस.कॉन्फ बदलल्यावर काही रीस्टार्ट करावं लागत नाही, पुढच्या लॉगिनलाच नवा नियम लागतो.

घरून काम करत असाल आणि नेट दगा देण्याची शक्यता असेल तर आणखी एक दोरी बांधा. ‘अ‍ॅट’ नावाच्या प्रोग्रॅमला सांगून ठेवा की दहा मिनिटांनी रूटच्या घरातली जुनी प्रत परत जागेवर टाक. सगळं नीट झालं तर ‘अ‍ॅटआरएम’नं ते काम रद्द करायचं. नाही झालं तर दहा मिनिटं चहा प्यायचा, दार आपोआप पूर्ववत होतं. हे चालतं कारण पाम_अ‍ॅक्सेस आपण फक्त एसएसएचला जोडलं आहे. कॉमन-अकाउंटमध्ये टाकलं असतंत तर कदाचित ‘अ‍ॅट’लाही दारावरच अडवलं असतं.

तपासताना जे आत यायला हवेत त्यांच्याइतकंच जे यायला नकोत त्यांचंही बघा. मी ट्रेनी गटात एक नकली खातं ठेवलं आहे. नियम बदलला की ते एकदा ऑफिसातून आणि एकदा व्हीपीएनवरून लावून बघतो. पहिल्या वेळी आत गेलं पाहिजे, दुसऱ्या वेळी आपटलं पाहिजे. काम झालं की खातं बंद.

एसएसएचचं स्वतःचं दार

एसएसएचकडे त्याची स्वतःचीही यादी असते, /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग या फाइलमध्ये: अलावयूजर्स, अलावग्रुप्स, डिनाययूजर्स, डिनायग्रुप्स. तुमच्याकडे पाचसहाच माणसं असतील आणि कुठून येतात याची फिकीर नसेल, तर अलावग्रुप्सची एक ओळ पुरे, पामच्या भानगडीत पडूच नका. दोन्ही वापरायचे असतील तर लक्षात असू द्या की माणूस दोन्हीकडून पास व्हावा लागतो. अलावयूजर्स आणि अलावग्रुप्स दोन्ही लिहिलेत तरी तसंच: दोन्हींत बसला तरच आत. मी इथे फक्त ‘परमिटरूटलॉगिन नो’ ठेवलं आहे आणि बाकीचं पामवर सोपवलं आहे. एका प्रश्नाचं उत्तर एकाच फाइलमध्ये असलेलं बरं.

ही फाइल बदलल्यावर ‘सुडो एसएसएचडी -टी’ द्या, टी छोटा. काही छापलं नाही तर व्याकरण ठीक. मगच ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीलोड एसएसएच’. मोठा टी दिलात तर प्रत्यक्षात लागू असलेली सगळी सेटिंगं दिसतात. हे उपयोगी पडतं, कारण एसएसएचडी_कॉन्फिग.डी या फोल्डरातल्या फाइली उबुंटूत आधी वाचल्या जातात आणि बहुतेक सेटिंगांसाठी पहिली सापडलेली किंमतच धरली जाते. मुख्य फाइलमध्ये तुम्ही ‘नो’ लिहून बसता आणि फोल्डरातली एक ओळ आधीच ‘यस’ म्हणून गेलेली असते.

वेळेचे नियम, थोडक्यात

ट्रेनींनी रात्री येऊ नये असं वाटत असेल तर पाम_टाइम आहे, त्याची फाइल त्याच सिक्युरिटी फोल्डरात टाइम.कॉन्फ. चार भाग, मध्ये अर्धविराम: सेवा, टर्मिनल, नावं, वेळ. नावं उभ्या रेघेनं जोडायची. ‘डब्ल्यूके’ म्हणजे सोमवार ते शुक्रवार, त्यापुढे ०९३०-१९०० अशी वेळ. एमआयडीसीत शनिवार कामाचा असतो, तेव्हा ‘डब्ल्यूकेएसए’ लिहा, नाहीतर पहिल्याच शनिवारी फोन येतील. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, हे त्याला सांगायची सोय नाही. आणि सात वाजले म्हणून आत बसलेल्याला तो उठवत नाही, फक्त नव्यानं येणाऱ्याला अडवतो. त्याचीही ओळ पाम.डीमध्ये जोडावी लागते. खरं सांगायचं तर आम्ही दोन महिने वापरून हे काढून टाकलं. डेडलाइनच्या आठवड्यात रोज कुणासाठी तरी अपवाद करावा लागत होता.

माणूस सोडून जातो तेव्हा

बहुतेक जण ‘पासडब्ल्यूडी -एल’ देऊन पासवर्डला कुलूप लावतात आणि मोकळे होतात. त्यानं पासवर्ड बंद होतो, एसएसएच की मात्र बंद होत नाही. त्याच्या घरच्या लॅपटॉपवर एसएसएच की असेल आणि नियमांनी त्याला अडवलं नाही, तर तो पूर्वीसारखाच आत येईल. पुण्याला गेलेल्या आमच्या मुलाचं असंच झालं होतं. त्याची की तीन महिने जिवंत होती. त्यानं वापरली नाही, हा त्याचा चांगुलपणा.

म्हणून खात्याची मुदतच संपवायची: ‘सुडो यूजरमॉड -एल -ई १’ आणि नाव; एल मोठा, ई छोटा. मुदत तपासली जाते ती अकाउंट टप्प्यात, त्यामुळे की असली तरी अडतं. मग ‘जीपासडब्ल्यूडी -डी’नं गटातून काढा. ‘क्रॉनटॅब -यू नाव -एल’ देऊन त्याच्या नावावर आपोआप चालणारी कामं आहेत का बघा, आणि असतील तर दुसऱ्या कुणाकडे सोपवा. तो आत्ता आत असेल तर ‘लॉगिनसीटीएल टर्मिनेट-यूजर’. खातं लगेच पुसून टाकू नका. त्याच्या फाइली कुणाच्या तरी प्रोजेक्टमध्ये असतातच.

‘दादा, सर्व्हर आत घेत नाही’

नियम लागले की हा मेसेज येणार. पामनं अडवलेल्या माणसाला कारण कळत नाही. पासवर्ड बरोबर टाकूनही त्याला दिसतं फक्त कनेक्शन क्लोज्ड. तो समजतो सर्व्हर बंद आहे, किंवा पासवर्ड विसरलो, आणि चार वेळा बदलून बघतो. कारण असतं तुमच्याकडे, उबुंटूत /व्हार/लॉग/ऑथ.लॉग या फाइलमध्ये. रेड हॅटमध्ये तीच ‘सिक्युअर’ नावानं. तिथे पाम_अ‍ॅक्सेसची ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ची ओळ शोधा. तिच्यात माणसाचं नाव असतं आणि तो कोणत्या पत्त्यावरून आला तो पत्ताही. हा पत्ता आधी वाचायचा, बाकी सगळं नंतर.

मागच्या महिन्यात डिझाइनमधला एक जण माझ्या समोरच्याच टेबलावर बसून म्हणत होता की आत येता येत नाही. गट बरोबर, खातं चालू, नियम तोच. लॉग उघडला तर त्याचा पत्ता ऑफिसचा नव्हताच, कुठलातरी बाहेरचा. वायफाय हळू आहे म्हणून पठ्ठ्यानं लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट लावला होता. हॉटस्पॉट बंद करून वायफायवर आणलं, आणि पुढच्या मिनिटाला तो आत होता. वायफाय अजून हळूच आहे, पण ते माझ्याकडे नाही.